सिलिकॉनच्या जोडीला नवे अर्धसंवाहक
इलेक्ट्रॉनिकीतील नव्या द्रव्यांचा परिचय आणि छत्रपती संभाजीनगरच्या उद्योगापुढील प्रश्न

ग्रामपंचायतीने रस्त्याच्या खांबावर लावलेला एलईडी दिवा आता राज्यातील बहुतेक गावांना परिचित आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या 'उजाला' योजनेखाली देशभरात ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले. या दिव्यात प्रत्यक्ष प्रकाश देणारा भाग मोहरीच्या दाण्याएवढा असतो आणि तो सिलिकॉनचा नसतो. तो गॅलियम नायट्राइड नावाच्या संयुगापासून बनविलेला असतो. सिलिकॉनखेरीज अन्य अर्धसंवाहक द्रव्ये ही प्रयोगशाळेतील नवलाईची गोष्ट आहे असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः अशा द्रव्यांपैकी एक आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचून दहा वर्षे होऊन गेली आहेत.

याच द्रव्यांची भावंडे आता विजेवर चालणाऱ्या मोटारी, जलद प्रभारक, सौर ऊर्जेची साधने आणि दूरसंचाराचे मनोरे यांत प्रवेश करीत आहेत. छत्रपती संभाजीनगर हा जिल्हा वाहननिर्मितीचा जिल्हा आहे. म्हणून या बदलाचा संबंध येथील कारखान्यांशी, तंत्रनिकेतनांशी व कामगारांच्या रोजगाराशी थेट येतो. ही द्रव्ये कोणती, ती सिलिकॉनची जागा घेणार काय आणि आपण कोणती तयारी करावी, याचा विचार या लेखात केला आहे.

अर्धसंवाहक म्हणजे काय?

तांब्यातून वीज सहज वाहते, काचेतून वाहत नाही. या दोहोंच्या मध्ये मोडणारी, आणि ज्यांतून वीज किती वाहू द्यावी हे आपल्याला ठरविता येते अशी जी द्रव्ये, त्यांना अर्धसंवाहक म्हणतात. त्यांचे वर्तन समजण्यासाठी दुमजली वाड्याची कल्पना करावी. तळमजल्यावरील इलेक्ट्रॉन अणूंशी बांधलेले असतात. वरच्या मजल्यावर गेलेले इलेक्ट्रॉन मोकळेपणी फिरू शकतात आणि वीज वाहून नेतात. दोन मजल्यांमधील उंचीला शास्त्रज्ञ ऊर्जापट्टांतील अंतर असे म्हणतात व ते इलेक्ट्रॉन-व्होल्ट या एककात मोजतात. धातूमध्ये ही उंची नसतेच, तर काचेसारख्या निरोधकात ती फार मोठी असते.

या एका अंकावर अर्धसंवाहकाचा पुष्कळसा स्वभाव अवलंबून असतो. उंची कमी असेल तर केवळ उष्णतेमुळेही इलेक्ट्रॉन वर चढतात, वीज नको तेथे झिरपू लागते आणि साधन निकामी होते. उंची अधिक असेल तर साधन अधिक तापमान व अधिक विद्युत् दाब सोसते. शिवाय वरच्या मजल्यावरून खाली येणारा इलेक्ट्रॉन काही द्रव्यांत प्रकाश देतो व त्या प्रकाशाचा रंग उंचीवर ठरतो. सिलिकॉनमध्ये हा जिना सरळ नसून वळशाचा आहे. त्यामुळे उतरताना ऊर्जेचा जवळजवळ सर्व भाग उष्णतेत खर्ची पडतो. दिव्यासाठी सिलिकॉन निरुपयोगी ठरते ते या कारणाने.

शिक्षकांच्या सोयीसाठी प्रमुख द्रव्यांतील हे अंतर, सामान्य तापमानातील सुमारे आकड्यांत, पुढे दिले आहे :

जर्मेनियम : ०.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट
सिलिकॉन : १.१
गॅलियम आर्सेनाइड : १.४
सिलिकॉन कार्बाइड : ३.३
गॅलियम नायट्राइड : ३.४
गॅलियम ऑक्साइड : ४.८
हिरा : ५.५

सिलिकॉनने बाजी कशी मारली?

अर्धसंवाहकांच्या इतिहासाचा आरंभ सिलिकॉनपासून झालेला नाही. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा उपयोग करून विद्युत् तरंग ओळखणारे साधन तयार केले. त्यासाठी त्यांना १९०४ मध्ये अमेरिकेचे एकस्व मिळाले. पुढे डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रँझिस्टर तयार झाला, तो जर्मेनियमचा होता. परंतु जर्मेनियमचे ऊर्जा-अंतर लहान असल्यामुळे ती साधने थोड्याशा उष्णतेनेही बिघडत. १९५४ मध्ये सिलिकॉनचा ट्रँझिस्टर बाजारात आला आणि काही वर्षांतच जर्मेनियम मागे पडले.

सिलिकॉनच्या विजयामागे तीन कारणे होती. पहिले म्हणजे विपुलता. भूकवचात ऑक्सिजनखालोखाल सिलिकॉनचेच प्रमाण आहे. ज्या काळ्या पाषाणात वेरूळ व अजिंठ्याची लेणी कोरली गेली, त्या बेसाल्टच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग सिलिका म्हणजे सिलिकॉनचे ऑक्साइड असते. उद्योगासाठी मात्र सिलिकॉन शुद्ध गारेपासून काढले जाते. दुसरे कारण असे की, सिलिकॉन तापविले असता त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा घट्ट व निर्दोष थर आपोआप येतो. हा थर उत्तम निरोधक असल्यामुळे एका चकतीवर कोट्यवधी सूक्ष्म ट्रँझिस्टर एकमेकांपासून अलग ठेवता येतात. तिसरे कारण म्हणजे वितळलेल्या सिलिकॉनमधून मोठा एकसंध स्फटिक ओढून काढता येतो. आज ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉन चकत्या ही नित्याची बाब आहे.

संगणक आणि भ्रमणध्वनी यांच्या मेंदूचे काम या गुणांवर चालते. त्या कामात सिलिकॉनला नजीकच्या काळात कोणी हटवील अशी चिन्हे नाहीत. २००४ मध्ये वेगळे करण्यात आलेल्या ग्राफीनविषयी तशी मोठी आशा निर्माण झाली होती. परंतु ग्राफीनमध्ये मुळात ऊर्जा-अंतरच नाही, त्यामुळे त्याचा ट्रँझिस्टर पूर्णपणे बंद होत नाही. मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारख्या एका रेणूइतक्या पातळ पदऱ्यांवर संशोधन चालू आहे. कारखान्यांतील वंगणात वापरले जाणारे तेच हे काळे द्रव्य. मात्र ते प्रयोगशाळेतून मोठ्या उत्पादनात उतरावयाचे आहे.

सिलिकॉन कोठे अपुरे पडते?

सिलिकॉनच्या तीन मर्यादा आहेत. ते प्रकाश देत नाही. ते अतिशय उच्च कंप्रतेस, म्हणजे सेकंदाला अब्जावधी आंदोलने होणाऱ्या संकेतांना, मोठ्या शक्तीने हाताळू शकत नाही. आणि मोठा विद्युत् दाब व उष्णता यांपुढे ते थकते. या तीन ठिकाणी नव्या द्रव्यांना वाव मिळाला आहे.

पहिला मान गॅलियम आर्सेनाइडचा. त्यात इलेक्ट्रॉन सिलिकॉनपेक्षा अधिक वेगाने धावतात आणि ते प्रकाशही देते. भ्रमणध्वनीतील संकेत पाठविणारे भाग, लेसर आणि उपग्रहांवरील सौर घट यांत या कुळातील द्रव्ये दीर्घकाळ वापरली जात आहेत. हैदराबाद येथील 'गेटेक' या केंद्रात संरक्षण व अवकाश कार्यासाठी गॅलियम आर्सेनाइडची साधने तयार होतात.

दुसरे गॅलियम नायट्राइड. याच्या निळ्या प्रकाशाची वाट जपानचे इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी मोकळी केली. त्यासाठी त्यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. या द्रव्यात थोडे इंडियम मिसळले की निळा प्रकाश मिळतो. त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या भुकटीचा लेप दिला की दोन्ही मिळून आपल्याला पांढरा प्रकाश दिसतो. याच गॅलियम नायट्राइडचे ट्रँझिस्टर आता रडारमध्ये, दूरसंचाराच्या मनोऱ्यांत आणि भ्रमणध्वनीच्या लहान पण वेगवान प्रभारकांत वापरले जातात. ते विजेची उघडझाप फार जलद करतात, म्हणून त्यांच्या जोडीला लागणारी वेटोळी व रोहित्रे लहान आकाराची चालतात.

तिसरे सिलिकॉन कार्बाइड. हे द्रव्य कारखान्यातील कामगारांना 'कार्बोरंडम' या नावाने माहीत आहे. धार लावण्याच्या चाकांत व पॉलिश कागदावर त्याचे कण असतात. १८९१ मध्ये एडवर्ड ॲचिसन यांनी माती व कोक विजेने तापवून ते मिळविले. कठीणपणात ते हिऱ्याच्या खालोखालच्या द्रव्यांत मोडते. हेच द्रव्य अतिशुद्ध एकसंध स्फटिकाच्या रूपात मिळाले तर उत्तम अर्धसंवाहक ठरते. समान जाडीच्या सिलिकॉनपेक्षा ते सुमारे दहापट विद्युत् दाब सोसते आणि उष्णताही दुप्पट-तिप्पट वेगाने बाहेर नेते. याचा अर्थ असा की, तेवढाच दाब अडविण्यासाठी सुमारे एक दशांश जाडीचा थर पुरतो. मातीचा बांध रुंद घालावा लागतो, दगडी भिंत अरुंद असली तरी पाणी अडविते, त्यातलाच हा प्रकार. थर पातळ झाल्यामुळे साधन चालू असताना त्यातून वाहणाऱ्या विजेला होणारा विरोधही कमी होतो.

वाहनात हे द्रव्य काय काम करते?

विजेवर चालणाऱ्या वाहनाच्या बॅटरीतून एकदिश प्रवाह मिळतो. चाके फिरविणाऱ्या बहुतेक मोटरींना मात्र त्रिकला प्रत्यावर्ती प्रवाह लागतो. या दोहोंमधील रूपांतर 'इन्व्हर्टर' करतो. त्यात सहा किंवा अधिक अर्धसंवाहक खटके सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. प्रत्येक उघडझापीत थोडी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

एक सोपे गणित मांडून पाहावे. १०० किलोवॉट शक्तीच्या एखाद्या इन्व्हर्टरची कार्यक्षमता ९६ टक्के असेल तर ४ किलोवॉट उष्णता निर्माण होईल. कार्यक्षमता ९८ टक्के झाली तर ही उष्णता २ किलोवॉटवर येईल. कार्यक्षमतेतील वाढ केवळ दोन टक्के दिसते, परंतु बाहेर काढावयाची उष्णता निम्मी होते. शीतकरणाची यंत्रणा लहान होते, वजन घटते आणि त्याच बॅटरीत वाहन थोडे अधिक अंतर कापते. सिलिकॉन कार्बाइडचे पहिले डायोड २००१ मध्ये व ट्रँझिस्टर २०१०-११ च्या सुमारास बाजारात आले. टेस्ला कंपनीने आपल्या 'मॉडेल ३' मोटारीच्या मुख्य इन्व्हर्टरमध्ये त्यांचा वापर केल्यानंतर वाहन उद्योगाचे लक्ष या द्रव्याकडे वेधले गेले.

येथे एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. हा लाभ मुख्यतः ४०० ते ८०० व्होल्ट दाबावर चालणाऱ्या मोटारी, बसगाड्या व जलद प्रभारण केंद्रे यांत मिळतो. आपल्याकडील विजेच्या दुचाकींची बॅटरी बहुधा ५० ते ७० व्होल्टच्या आसपास असते. तेथे स्वस्त सिलिकॉनचे ट्रँझिस्टर आजही उत्तम काम देतात. सौर कृषिपंपाच्या नियंत्रकातही आज बहुतांशी सिलिकॉनची साधनेच असतात. नवे द्रव्य म्हणजे सर्वत्र चांगले द्रव्य, असे मानून खर्च वाढविणे शहाणपणाचे नाही. काळ्या जमिनीत कापूस आणि हलक्या जमिनीत बाजरी हे शेतकऱ्याला जसे उमगलेले असते, तसाच विवेक येथेही हवा.

मार्गातील अडचणी

नवी द्रव्ये महाग का, याचे उत्तर त्यांच्या निर्मितीत आहे. सिलिकॉन १४१४ अंश सेल्सिअसला वितळते व त्या रसातून दीड-दोन मीटर लांबीचा स्फटिक ओढता येतो. सिलिकॉन कार्बाइड सामान्य दाबाखाली वितळतच नाही. त्याची भुकटी २००० अंशांहून अधिक तापवून तिची वाफ लहान बीजस्फटिकावर जमवावी लागते. हा स्फटिक तासाला मिलिमीटरच्या अंशाने वाढतो आणि काही सेंटिमीटरच्या पुढे क्वचितच जातो. पुढे तो हिऱ्याचे कण बसविलेल्या तारेने कापावा लागतो. वाढ होताना आत राहिलेले सूक्ष्म दोष साधन निकामी करू शकतात. बाजारातील चकत्या १५० मिलिमीटर व्यासाच्या असून २०० मिलिमीटरकडे वाटचाल चालू आहे.

गॅलियम नायट्राइडचा मोठा स्फटिक करणे त्याहून अवघड. म्हणून त्याचा पातळ थर नीलम, सिलिकॉन कार्बाइड किंवा खुद्द सिलिकॉनच्या चकतीवर वाढवितात. प्रभारकांतील बहुतेक गॅलियम नायट्राइड ट्रँझिस्टर सिलिकॉनच्या पायावरच उभे असतात. ज्याला आपण सिलिकॉनचा पर्याय म्हणतो तो प्रत्यक्षात सिलिकॉनच्या खांद्यावर उभा आहे.

कच्च्या मालाचा प्रश्नही आहे. गॅलियमची स्वतंत्र खाण नसते. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना उरणाऱ्या द्रावातून ते अल्प प्रमाणात वेगळे करावे लागते. जगातील प्राथमिक गॅलियमपैकी फार मोठा वाटा चीनकडे आहे. त्या देशाने १ ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम व जर्मेनियम यांच्या निर्यातीवर परवान्याचे निर्बंध घातले. कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग व रायगड या जिल्ह्यांत बॉक्साइट आहे आणि सीमाभागात बेळगाव येथे ॲल्युमिनाचा जुना कारखाना आहे. खनिजाकडे केवळ ॲल्युमिनियमचा दगड म्हणून न पाहता त्यातील अल्प द्रव्यांचाही विचार करावा, असा बोध या घटनेने दिला.

बाजाराचे धोकेही विसरता येत नाहीत. सिलिकॉन कार्बाइडमध्ये अग्रेसर असलेल्या अमेरिकेच्या वुल्फस्पीड कंपनीला जून २०२५ मध्ये कर्जफेडीपासून संरक्षण मागण्यासाठी न्यायालयात जावे लागले. तंत्रज्ञान योग्य असले तरी कारखाना केव्हा, केवढा व कोणत्या मागणीच्या आधारावर उभारावा हा निराळा प्रश्न असतो.

देशातील प्रयत्न

केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांच्या तरतुदीचा अर्धसंवाहक कार्यक्रम जाहीर केला. त्यात सिलिकॉनबरोबर संयुग अर्धसंवाहकांच्या प्रकल्पांनाही भांडवली साहाय्याची तरतूद आहे. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या दिल्ली येथील घनावस्था भौतिकी प्रयोगशाळेने चार इंच व्यासाच्या सिलिकॉन कार्बाइड चकत्या व गॅलियम नायट्राइडचे ट्रँझिस्टर यांची देशी प्रक्रिया विकसित केल्याचे नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. १२ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ओडिशातील भुवनेश्वर येथे 'सिकसेम' या कंपनीच्या सिलिकॉन कार्बाइड प्रकल्पास मान्यता दिली. वर्षाला ६०,००० चकत्या ही त्याची नियोजित क्षमता आहे.

महाराष्ट्रात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था येथे गॅलियम नायट्राइडसारख्या द्रव्यांवर संशोधन होत आले आहे. इलेक्ट्रॉनिकीसाठी लागणाऱ्या द्रव्यांना वाहिलेली 'सी-मेट' ही केंद्र शासनाची संस्था १९९० पासून पुण्यात कार्य करीत आहे. ज्ञानाचा पाया राज्यात आहे. तो उद्योगाच्या जिल्ह्यापर्यंत कसा पोहोचवावा, हा पुढचा प्रश्न आहे.

छत्रपती संभाजीनगरपुढील प्रश्न

या जिल्ह्याला इलेक्ट्रॉनिकी उद्योग नवा नाही. १९८० च्या दशकात येथे दूरचित्रवाणी संचांचे मोठे उत्पादन सुरू झाले आणि पैठण मार्गावरील चितेगावचे नाव देशभर पोहोचले. त्या संचाचा आत्मा काचेची चित्रनलिका होती. पुढे सपाट पडदे आले, चित्रनलिका इतिहासजमा झाली आणि तिच्याभोवती उभे राहिलेले कौशल्यही निरुपयोगी ठरले. कारखान्यांच्या चढउताराला इतरही कारणे असतात, परंतु ज्या द्रव्यावर उत्पादन आधारलेले आहे त्याचे ज्ञान जवळ नसले म्हणजे बदल दारात येईपर्यंत कळत नाही.

आज तसाच बदल वाहन उद्योगात येत आहे. १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यापासून त्याच्याभोवती शेकडो लहानमोठे कारखाने वाढले. ओतकाम, कातकाम, दातेरी चक्रे, निलंबनाचे भाग यांत येथील कारागिरांनी नाव कमावले. विजेच्या वाहनाला दट्ट्या, झडपा, कार्ब्युरेटर यांची गरज नसते. त्याऐवजी इन्व्हर्टर, बॅटरी-नियंत्रक व प्रभारक लागतात. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने येथील प्रकल्पासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला आणि एथर एनर्जीने बिडकीन येथील आपला प्रकल्प जाहीर केला. शेंद्रा-बिडकीन येथील 'ऑरिक' औद्योगिक नगरी अशा उद्योगांसाठी विकसित झाली आहे. वाळूजमधील एंड्युरन्स टेक्नॉलॉजीज या निलंबन व ओतीव भागांसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीने २०२२ मध्ये बॅटरी-नियंत्रण प्रणाली बनविणाऱ्या मॅक्सवेल एनर्जीमध्ये बहुसंख्य भाग घेतला. मोठ्या कंपन्यांना वाऱ्याची दिशा कळली आहे. प्रश्न आहे तो पाच-दहा कामगारांच्या लहान कारखान्यांचा व त्यांत काम शिकणाऱ्या तरुणांचा.

अर्धसंवाहकाचा कारखाना येथेच हवा, अशी मागणी मग साहजिकच होते. परंतु चकत्यांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यास अतिशुद्ध पाणी मोठ्या प्रमाणावर लागते. मोठ्या सिलिकॉन कारखान्यांची दैनिक गरज कोटी लिटरच्या हिशेबात जाते. जायकवाडीवर पिण्याचे पाणी, शेती व उद्योग असे तिन्ही भार असलेल्या आणि वारंवार अवर्षण सोसणाऱ्या मराठवाड्यात याचा विचार आधी करावा लागेल. पुनर्वापराची सोय करता येते, पण तिचा खर्चही हिशेबात धरावा लागेल.

याउलट अर्धसंवाहकानंतरच्या पायऱ्यांना तुलनेने थोडे पाणी लागते आणि येथील कौशल्य त्यांत उपयोगी पडते. तयार चकतीचे तुकडे शक्तिघटकात बसविणे, उष्णता बाहेर नेणारे ॲल्युमिनियमचे भाग ओतणे व कातणे, इन्व्हर्टर व प्रभारकांची रचना करणे आणि उच्च दाबावर त्यांची चाचणी घेणे, ही ती कामे होत. सिलिकॉन कार्बाइडच्या साधनात उष्णता थोड्या जागेत एकवटते, म्हणून शीतकरणाच्या भागाची अचूकता फार महत्त्वाची ठरते. उत्तम ओतकाम व कातकाम करणाऱ्या वाळूजच्या कारखानदाराला येथे स्वतःचे स्थान मिळू शकते.

मनुष्यबळाच्या दृष्टीने जिल्ह्याला दोन आधार आहेत. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या व आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा विद्यापीठात भौतिकी व अब्जांश तंत्रज्ञान यांचे शिक्षण दिले जाते. त्याच परिसरात इलेक्ट्रॉनिकी रचनेचे शिक्षण देणारे 'नीलिट' हे केंद्र शासनाचे केंद्र आहे. या दोन संस्था, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी वाळूजच्या कारखानदारांसमवेत शक्ति-इलेक्ट्रॉनिकीचा एक सामाईक चाचणीकक्ष चालविला, तर लहान उद्योजकाला प्रत्येक चाचणीसाठी दूरच्या शहरात जावे लागणार नाही.

शाळेत, कार्यालयात, पंचायतीत

शिक्षकांना या विषयाचा पाया अल्प खर्चात दाखविता येईल. दीड व्होल्टचे तीन कोरडे घट एकापुढे एक जोडावेत व त्यांना एक किलोओहमचा रोध जोडावा. नंतर क्रमाने साधा सिलिकॉन डायोड, तांबडा एलईडी व निळा एलईडी योग्य दिशेने लावून प्रत्येकाच्या दोन टोकांमधील दाब मल्टिमीटरने मोजावा. सिलिकॉनवर सुमारे ०.६ ते ०.७, तांबड्यावर सुमारे १.८ आणि निळ्यावर २.६ ते ३ व्होल्ट असे आकडे मिळतील. ऊर्जा-अंतर वाढले की दाबही वाढतो, हे विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर सिद्ध होते. फक्त घरगुती २३० व्होल्टचा दिवा उघडून हा प्रयोग करू देऊ नये, तेथे प्राणास धोका आहे.

पंचायत सदस्यांनी रस्त्यावरील दिव्यांची खरेदी करताना केवळ वॉटचा आकडा पाहू नये. एका वॉटला किती ल्युमेन प्रकाश मिळतो, दाबाच्या आकस्मिक चढउतारापासून संरक्षण आहे काय आणि हमीची मुदत किती, हे निविदेत विचारावे. दिवा बंद पडला तर दोष बहुधा प्रकाश देणाऱ्या कणात नसून त्याला वीज पुरविणाऱ्या 'ड्रायव्हर'मध्ये असतो. असे दिवे फेकण्यापूर्वी ते दुरुस्त होतात काय हे पाहिल्यास खर्च वाचतो व गावातील एखाद्या प्रशिक्षित तरुणाला कामही मिळते. निकामी साधने उघड्यावर जाळू नयेत, कारण काही अर्धसंवाहकांत आर्सेनिकसारखी विषारी द्रव्ये असतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार ती अधिकृत पुनर्चक्रण व्यवस्थेकडे गेली पाहिजेत.

प्रशासनातील अधिकाऱ्यांनी प्रभारण केंद्रे, बसगाड्या व सौर यंत्रणा यांच्या खरेदीत कार्यक्षमता, दुरुस्तीची स्थानिक सोय आणि सुट्या भागांची उपलब्धता या तीन अटींना किमतीइतकेच महत्त्व द्यावे. शासनाची खरेदी ही उद्योगाला दिशा देणारी मोठी शक्ती असते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वीजतंत्री व मोटार-दुरुस्ती या अभ्यासक्रमांत इन्व्हर्टर व बॅटरी-नियंत्रकाच्या प्रत्यक्ष कामाला पुरेसे तास मिळतात की नाही, याचीही पाहणी व्हावी.

सिलिकॉनचे राज्य संपले, ही घोषणा अवेळी आहे. गणनेचे काम सिलिकॉन करीत राहील, प्रकाश व संदेशवहनाचे काम गॅलियमची संयुगे करतील आणि मोठा विद्युत् दाब सिलिकॉन कार्बाइड पेलील, अशी श्रमविभागणी होऊ लागली आहे. कोणते द्रव्य कोठे वापरावे हे ज्याला समजते त्याच्याकडे रचनेचे काम राहते, ज्याला समजत नाही त्याच्या वाट्याला केवळ जुळणी येते. मराठवाड्यातील कारागिराच्या हाताला अचूकतेची सवय आहे. त्या हाताला नव्या द्रव्यांची ओळख पुढील काही वर्षांत करून देता आली, तर इंजिनाचे भाग घडविणारा हा जिल्हा विजेच्या वाहनांच्या युगातही काम देणारा जिल्हा राहील.